शेतीपंपाचे बिल शून्य झाले, मग वीज कंपनीचा तोटा कुठे गेला?

कृष्णाकाठ (ता. पलूस, जि. सांगली)

नमस्कार.

आमच्या घरी विजेची दोन बिले येतात. या वेळी ती दोन्ही एकाच दिवशी हातात पडली आणि मी ती शेजारी शेजारी ठेवून पहिल्यांदाच ओळ न् ओळ वाचली. एक बिल वडिलांच्या नावावरच्या ५ अश्वशक्तीच्या शेतीपंपाचे आहे. त्यावर देय रक्कम शून्य आहे, कारण एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे चालू बिल मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेतून सरकार भरते. दुसरे बिल कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील माझ्या वर्कशॉपचे आहे. तीन लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक कॉम्प्रेसर एवढाच माझा पसारा. पण स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर वीज शुल्क अशी बेरीज होत होत ही रक्कम दोन कामगारांच्या पगाराला जाऊन भिडते.

वितरण कंपनीवर हजारो कोटींचे कर्ज आहे आणि शेतीपंपांची थकबाकी डोंगराएवढी आहे, असे वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. माझा साधा प्रश्न असा आहे की, पंपाचे पैसे आता सरकार भरत असेल आणि कारखान्याचे पैसे मी वेळेवर भरत असेन, तर तोटा नेमका कोणाच्या पदरात पडतो? आणि पंपाचे पैसे सरकारच्या तिजोरीतून येत असतील, तर माझ्या वर्कशॉपच्या दराचा पंपाशी काय संबंध उरतो?

हे विचारण्यामागे एक घरगुती कारणही आहे. गेल्या महिन्यात तासगावला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एका नातेवाइकांनी चारचौघांत वडिलांना ऐकवले, “तुमच्या फुकट पंपांपायी आमची बिले वाढतात.” वडील काही बोलले नाहीत. ज्या माणसाने १९७२ च्या दुष्काळानंतर स्वतः उतरून विहीर काढली आणि मोटारीचे बिल उसाच्या पहिल्या हप्त्यातून बाजूला काढून ठेवले, त्याने मान खाली घालून पुढचे जेवण उरकले. त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आणखी एक गोष्ट. पंपाचा मीटर काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात जळाला, तो आजतागायत बदललेला नाही. तरीही दर तिमाहीच्या बिलावर वापरलेल्या युनिटांचा आकडा न चुकता असतो. या वेळी तो १,२५० आहे. हा आकडा येतो कुठून, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

निवृत्त लेखा अधिकारी (कराड)

आपला शेवटचा प्रश्न हाच खरे तर पहिला प्रश्न आहे, म्हणून तिकडे सविस्तर येतो. त्याआधी दराचा संबंध स्पष्ट करतो.

आपल्या पंपाचे बिल शून्य झालेले नाही, ते भरणारा बदलला आहे. या योजनेत राज्यातील सुमारे ४४ लाख शेतकरी धरले असून त्यासाठी वर्षाला १४ हजार ७६० कोटी रुपयांचे अनुदान योजनेच्या निर्णयातच नमूद आहे. परंतु सरकार भरते ते वीज नियामक आयोगाने शेतीसाठी ठरवलेल्या दराने, आणि तो दर मुळातच वीज आपल्या विहिरीपर्यंत पोहोचवण्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी आहे. हा राहिलेला फरक सरकार भरत नाही. तो उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या दरात मिसळला जातो, त्यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. म्हणजे आपल्या वडिलांच्या पंपाला दोन ठिकाणांहून मदत मिळते, एक मंत्रालयातून आणि दुसरी आपल्याच कुपवाडच्या वर्कशॉपमधून. ती कोणाच्या उपकाराची गोष्ट नाही, हे धोरण आहे. मात्र ते बिलावर कुठेही छापलेले नसल्यामुळे लग्नाच्या पंगतीत त्याचे असे टोमणे होतात.

२००६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने सांगितले होते की, कोणत्याही गटाचा दर सरासरी खर्चाच्या २० टक्के वर किंवा खाली यापलीकडे जाऊ नये. तिथवर आपण अजून पोहोचलेलो नाही. दरम्यान मोठे कारखाने ओपन ॲक्सेसने बाहेरची वीज घेतात किंवा स्वतःचे सौर प्रकल्प उभारतात. त्यांना दोष देता येणार नाही, पण ज्यांच्या दरातून शेतीची सवलत निघत होती तेच ग्राहक गळत गेले की भार उरलेल्यांवर येतो, आणि उरलेल्यांत आपल्यासारखे लहान वर्कशॉपवाले अधिक असतात.

आता १,२५० युनिटांबद्दल. मी वीज मंडळात १९७९ साली लागलो. त्याच्या थोडे आधीपर्यंत शेतीपंपांना मीटर असत आणि रीडिंग घ्यायला माणूस बांधाबांधाने फिरत असे. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी अश्वशक्तीवर दर आला. पंप किती तास चालला हे न पाहता मोटार किती अश्वशक्तीची आहे त्यावर पैसे. रीडिंगचा खर्च वाचला, शेतकऱ्यालाही कटकट नको होती. त्या दिवसापासून शेतीला नेमकी किती वीज जाते हे कोणालाही मोजून सांगता येईनासे झाले. त्यानंतर जे आकडे लिहिले गेले ते अंदाजाचे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५५ ने दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज देऊ नये असे बजावले, मुदती वाढत राहिल्या, पुष्कळ मीटर बसले, आणि त्यातले पुष्कळ आपल्यासारखेच जळाले किंवा बंद पडले. अशा पंपाला सरासरीने युनिटे लावतात.

यात बिघडते काय, ते आपल्याच पंपावर दाखवतो. ५ अश्वशक्ती म्हणजे ढोबळमानाने ३.७३ किलोवॉट. पंप वर्षात १५० दिवस रोज ८ तास चालला तर सुमारे ४,४७६ युनिटे होतात. कागदावर मात्र २०० दिवस धरले तर तीच युनिटे ५,९६८ होतात. वर्षाकाठी जवळजवळ दीड हजार युनिटे अशी निघाली की जी आपल्या विहिरीवर आलीच नाहीत, पण वहीत आपल्या नावावर पडली. ती वीज उपकेंद्रातून तर बाहेर गेलेली असते. मग गेली कुठे? काही तारांत तापून गेली, काही तारेवर चोरून टाकलेल्या आकड्यांवर गेली, काही एखाद्या ढाब्याच्या किंवा कारखान्याच्या फेरफार केलेल्या मीटरमागे गेली. कागदावर ती सगळी “शेतीचा वापर” झाली, त्यामुळे गळती कमी दिसली आणि शेतकऱ्याची थकबाकी जास्त दिसली.

हा माझा तर्क नाही. वीज ग्राहक संघटनेचे इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि वीज धोरणाचा अभ्यास करणारा पुण्याचा प्रयास ऊर्जा गट ही बाब वर्षानुवर्षे आयोगापुढे मांडत आले. अखेर आयोगाने अभ्यासगट नेमला आणि मार्च २०२० च्या आदेशात कंपनीने सांगितलेला शेतीचा वापर कमी करून वितरण गळती तेवढी वाढवून धरली. आपल्या वडिलांना सांगण्यासारखे उत्तर मला विचाराल तर ते या आदेशात आहे.

तोट्याचा दुसरा मोठा झरा म्हणजे पैसा वेळेवर न येणे. कायद्याचे कलम ६५ सांगते की, सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम आगाऊ द्यावी. प्रत्यक्षात ती मागे-पुढे होते. कोळशाचे, रेल्वेच्या वाहतुकीचे आणि वीजनिर्मिती कंपन्यांचे देणे मात्र थांबत नाही, म्हणून वितरण कंपनी खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढते आणि त्यावरचे व्याज हा नवा खर्च होतो. ग्राहकाने वितरण कंपनीचे थकवले, वितरण कंपनीने निर्मिती कंपनीचे, निर्मिती कंपनीने कोळसा कंपनीचे, अशी ही साखळी आहे.

या साखळीची गाठ देशात किती वेळा सोडवली गेली ते पाहा. २००१ साली राज्य वीज मंडळांकडे केंद्रीय कंपन्यांचे सुमारे ४१ हजार कोटी थकले होते. माँटेकसिंग अहलुवालिया समितीच्या शिफारशीने त्याचे रोखे झाले आणि दंडव्याजाचा मोठा भाग सोडला गेला. २०१५ साली उदय योजना आली. तेव्हा देशभरच्या वितरण कंपन्यांचे कर्ज ४ लाख कोटींच्या वर गेले होते, त्यातील ७५ टक्के राज्य सरकारांनी आपल्या डोक्यावर घ्यावे असे ठरले. २०२१ साली ३ लाख कोटींची सुधारित वितरण क्षेत्र योजना आली. २०२२ साली पुन्हा निर्मिती कंपन्यांची थकलेली देणी जास्तीत जास्त ४८ हप्त्यांत फेडण्याचे नियम करावे लागले. मी आयुष्यभर खतावणी लिहिली, त्यामुळे मला यात एकच गोष्ट दिसते. तोटा प्रत्येक वेळी एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला, आणि ज्या युनिटांमुळे तो झाला ती युनिटे पूर्वीसारखीच न मोजलेली राहिली.

दाभोळच्या वीजप्रकल्पाचा उल्लेख टाळता येत नाही. १९९३ साली एन्रॉनशी झालेला करार १९९५ साली रद्द झाला, फेरवाटाघाटींनंतर पुन्हा झाला आणि १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार द्यायचाच, आणि तोही डॉलरशी बांधलेला. इंधन नाफ्था. वीज कमी उचलली की दर युनिटामागे स्थिर आकार फुगत जाई, काही महिन्यांत तो एकूण दर सात रुपयांच्या वर गेला. त्याच राज्यात आमच्या शेजारी पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणारी १,९६० मेगावॉटची यंत्रे होती, त्यांची वीज कितीतरी स्वस्त. पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली, त्यामुळे ती तरी किती वेळ फिरवणार? मे २००१ मध्ये मंडळाने दाभोळची वीज घेणे बंद केले. २००४ साली निवडणुकीआधी शेतीला मोफत वीज जाहीर झाली, २००५ साली ती मागे घेतली गेली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मंडळाचे विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या.

कृष्णाकाठ (ता. पलूस, जि. सांगली)

साहेब, मनापासून आभार. आपले उत्तर मी रात्री वडिलांना वाचून दाखवले. पंपाच्या हिशेबाचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांचा एकच प्रश्न होता, तो जसाच्या तसा लिहितो: “मागची जी थकबाकी माझ्या नावावर दाखवतात, तीही असल्याच युनिटांची असणार ना?”

वाळवेकर (सध्या आक्रा, घाना)

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, गेली काही वर्षे केबल पुरवठ्याच्या कामानिमित्त आक्र्यात राहतो. हा धागा वाचताना दाभोळचा परिच्छेद आला तेव्हा मी इथलाच इतिहास वाचतो आहे असे वाटले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

घानाचे कोयना म्हणजे व्होल्टा नदीवरचे आकोसोम्बो धरण, १९६५ साली पूर्ण झालेले. अनेक वर्षे देशाची बहुतेक वीज तिथूनच येई आणि ती स्वस्त होती, त्यामुळे दर वाढवायची कोणाची तयारी नसे. मग पाऊस कमी झाला, मागणी वाढली, आणि २०१२ साली नायजेरियाहून येणारी समुद्राखालची गॅसवाहिनी एका जहाजाच्या नांगराने तुटली. त्यानंतर काही वर्षे इथे जे भारनियमन चालले त्याला लोक “डुमसॉर” म्हणतात. स्थानिक भाषेत त्याचा अर्थ विझव आणि पेटव असा होतो. आपल्याकडे २००५ नंतर ज्यांनी बारा-बारा तास अंधार काढला त्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

त्या टंचाईच्या भीतीपोटी सरकारने भराभर वीजखरेदीचे करार केले. समुद्रात उभ्या केलेल्या तुर्की जहाजावरच्या वीजकेंद्रापर्यंत सगळे आले. यातले कित्येक करार “वीज घ्या अथवा पैसे द्या” या अटीचे, आणि देणे डॉलरमध्ये. २०१९ साली इथल्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलेले आकडे असे होते: स्थापित क्षमता ५,०८३ मेगावॉट, सर्वाधिक मागणी सुमारे २,७०० मेगावॉट, आणि न वापरलेल्या विजेपोटी वर्षाला ५० कोटी डॉलरच्या वर खर्च. ग्राहक मात्र सेडीत, म्हणजे इथल्या चलनात, पैसे भरतो. सेडी घसरली की दर न वाढताही वितरण कंपनीची तूट वाढते. कराडच्या साहेबांनी सांगितलेला दाभोळचा फास एका राज्याच्या गळ्यात होता, इथे तो देशाच्या गळ्यात पडला.

आता वहीचा मुद्दा. २०१५ च्या अखेरीस इथे एक कायदा करून पेट्रोल-डिझेलवर ऊर्जा क्षेत्राचे अधिभार लावले गेले. त्या अधिभाराच्या भरवशावर २०१७ साली रोखे काढून वीज कंपन्यांची बँकांकडची जुनी देणी भागवली. हे रोखे बँकांनी, पेन्शन फंडांनी आणि सामान्य माणसांनीही घेतले. २०२२ साली देशच कर्जफेडीत अडकला आणि देशांतर्गत रोख्यांची जी अदलाबदल करावी लागली त्यात हेही रोखे आले. म्हणजे विजेचा तोटा पेट्रोल भरणाऱ्याच्या खिशातून निघून शेवटी बचत करणाऱ्याच्या खात्यात जाऊन बसला. तरीही तो संपलेला नाही, कारण २०२५ साली लिटरमागे एक सेडीचा आणखी एक अधिभार खास ऊर्जा क्षेत्राच्या तुटीसाठी बसवावा लागला.

खासगीकरण हा उपाय सुचवणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवतो. मार्च २०१९ मध्ये इथली वितरण व्यवस्था पीडीएस नावाच्या खासगी कंपनीकडे सोपवली गेली. तिने दिलेली हमी वैध नसल्याचे आढळल्यामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो करार संपुष्टात आला आणि कारभार पुन्हा सरकारी कंपनीकडे गेला. वहिवाट कोणाकडे आहे यापेक्षा खरेदीचे करार कसे आहेत आणि विकलेल्या युनिटाचे पैसे येतात की नाही, याकडे आधी पाहावे असे माझे मत झाले आहे.

माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रीपेड मीटर आहे. शिल्लक कमी झाली की तांबडा दिवा लागतो आणि शून्य झाली की अंधार. मला स्वतःला त्याची सवय झाली आहे, पण समोरच्या वस्तीतील शिवणकाम करणारी बाई दिवसाला लागेल तेवढेच पैसे भरते आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिचे यंत्र पायाने चालते. मोजमाप झालेच पाहिजे हे मान्य करूनही, वसुलीचा सगळा कस लहान ग्राहकावरच लावला जातो तेव्हा काय होते, हे मी रोज पाहतो.

माणदेशी (आटपाडी)

कराडच्या काकांचे विवेचन मला पटले, पण एका ठिकाणी ते अपुरे वाटते, म्हणून लिहिते.

मीटर बसवला की प्रश्न सुटतो असा समज त्यातून होऊ नये. आमच्याकडे येणारे टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलले जाते आणि एकामागून एक टप्पे चढून माणदेशात येते. त्या पंपगृहांना चांगले चालू मीटर आहेत. तिथले एकही युनिट अंदाजाचे नाही. तरीही टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या तिन्ही योजनांची वीजबिले कितीतरी वेळा थकली आणि थकली म्हणून पंप थांबले. उन्हाळ्यात जत, कवठेमहांकाळ आणि आटपाडीचे लोक कालव्याकडे डोळे लावून बसायचे, मग मोर्चे निघायचे, मग टंचाई निधीतून बिल भरले जायचे आणि पंप सुरू व्हायचे. इथे मोजमाप होते, पण पैसे कोणी आणि केव्हा द्यायचे हे ठरलेले नव्हते.

पुढे सरकारने ८१ टक्के वीजबिल शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी पाणीपट्टीतून भरायचे असे सूत्र केले. ते न्याय्य आहे असे मी मानते. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला नदी दारात आहे; आम्हाला तेच पाणी डोंगर चढवून आणावे लागते, आणि त्या चढाचा सगळा खर्च एकट्या दुष्काळी शेतकऱ्यावर टाकला तर डाळिंबाची एकही बाग उभी राहणार नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा घेतल्या त्या समान पाण्यासाठी, हे माझ्या पिढीने लहानपणापासून ऐकले आहे.

पण १९ टक्क्यांची वसुली सगळीकडे सारखी होत नाही. जिथे ऊस आहे तिथे साखर कारखाना पाणीपट्टी उसाच्या बिलातून कापून घेतो. डाळिंबाला असा कारखाना नाही. व्यापारी बागेत येतो, माल उचलतो, आणि पाणीपट्टी ज्याच्या त्याच्या मनावर राहते. माझ्या सासऱ्यांनी दर आवर्तनाची पावती एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहे. एका वर्षी त्यांनी आगाऊ पैसे भरले, वितरिकेवरच्या इतरांनी भरले नाहीत, आणि पुढे टंचाईत सगळ्यांचेच बिल निधीतून भागले. त्या वर्षी ते एवढेच म्हणाले की, पुढच्या खेपेला थांबून बघू. जो माणूस कधीच थकबाकीदार नव्हता तो असा हळूहळू थकबाकीत जातो. काका, आपल्या खतावणीत ही नोंद कुठे करायची?

निवृत्त लेखा अधिकारी (कराड)

ताई, आपण दाखवलेली उणीव मला मान्य आहे. मोजणे ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी म्हणजे ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी येणे, आणि शासनाचा ८१ टक्क्यांचा हिस्साही त्याच नियमाने आला पाहिजे. आधी भरणारा आणि न भरणारा यांना शेवटी एकाच मापाने मोजले की वसुली कोलमडते, हे मी २०२० च्या कृषीपंप धोरणाच्या वेळीही जवळून पाहिले. थकबाकीवरचे व्याज सोडायचे, पहिल्या वर्षी भरणाऱ्याला निम्मी सूट द्यायची आणि वसुलीचा एक तृतीयांश भाग त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीतील वीजकामांवर खर्च करायचा, ही योजना चांगली होती. गावात रोहित्र आणि खांब येताना दिसले तिथे लोकांनी पैसे भरले. पण ज्याने कधीच थकवले नाही त्याच्यासाठी त्यात फारसे काही नव्हते, आणि तो शेतकरी मला भेटून हे शांतपणे सांगून जात असे.

आता पलूसच्या वडिलांच्या प्रश्नाबद्दल. होय, जुन्या थकबाकीत अंदाजाच्या युनिटांचा वाटा आहे आणि त्यावर चढलेल्या व्याजाचाही. मोफत योजनेने चालू बिलाची सोय केली, मागची थकबाकी पुसलेली नाही. म्हणून आज बिल शून्य आहे म्हणून मीटरकडे दुर्लक्ष करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ही योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. त्यानंतर काय होईल ते होवो, आपल्या नावावर त्या वेळी कोणते युनिट दाखवले जाईल हे आज मीटर आहे की नाही यावर ठरेल.

मीटर बदलण्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शिवाय आपला पंप ज्या कृषी वाहिनीवर (उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज आणणाऱ्या लाइनीवर) आहे तिची उपकेंद्रातील मासिक नोंद माहितीच्या अधिकारात मागावी. वाहिनीच्या तोंडाशी मीटर असतो. तिथून गेलेली एकूण युनिटे आणि त्या वाहिनीवरच्या सर्व पंपांच्या नावे लावलेली युनिटे यांची तुलना केली तर एका गावापुरते तरी चित्र कळते. वीजदराच्या प्रत्येक प्रस्तावावर आयोग लेखी हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो, तिथे असा एका वाहिनीचा हिशेब कोणत्याही भाषणापेक्षा जास्त चालतो.

सौर कृषी वाहिनीबद्दल मला आशा आहे. गावाशेजारच्या जमिनीवर सौर प्रकल्प आणि त्याची वीज थेट कृषी वाहिनीला, अशी ही योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ पासून तिला वेग आला. ही वीज दीर्घ मुदतीसाठी तीन रुपयांच्या आसपास पडते, दिवसा मिळते आणि कारखान्यांवरचा भार त्यामुळे कमी व्हायला हवा. म्हैसाळसाठी जर्मन बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प होतो आहे, त्यातून ताईंच्या ८१ टक्क्यांचा आकडाच लहान होऊ शकेल. आक्र्याहून आलेला इशारा मात्र इथेही लागू आहे: किती मेगावॉट घ्यायचे हे मागणी मोजून ठरले पाहिजे, टंचाईच्या आठवणीवरून नव्हे.

कृष्णाकाठ (ता. पलूस, जि. सांगली)

सर्वांचे आभार. मीटरचा अर्ज सोमवारी दिला आणि पोच घेतली. वाहिनीच्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्जही तयार आहे.

वडिलांनी त्यांच्या परीने एक काम सुरू केले आहे. पंपाच्या खोलीत दोनशे पानी वही टांगली आहे आणि मोटार सुरू केली की वेळ, बंद केली की वेळ, असे ते स्वतः लिहितात. रात्रपाळीचा पुरवठा असला तरी बॅटरी घेऊन जातात आणि लिहूनच परत येतात. पहिल्या आठ दिवसांत मोटार ३१ तास चालली. साहेबांच्या हिशेबाने ही सुमारे ११५ युनिटे झाली. तीन महिने ही नोंद पूर्ण करून पुढच्या बिलावर छापून येणाऱ्या आकड्यासह ती इथे देईन.